दोन हजार विद्यार्थी-परीक्षक

शाळेच्या ग्रंथालयाच्या खिडकीशी बसणाऱ्या माणसाला काही प्रश्न वर्षानुवर्षे ऐकावे लागतात. "सर, ह्या पुस्तकाला पारितोषिक मिळाले आहे ना?" हा त्यांतलाच एक. आम्ही 'होय' म्हटले की विद्यार्थी आनंदाने पुस्तक घेऊन जातो. 'नाही' म्हटले की ते पुन्हा कपाटात जाते. गेल्या वर्षी मात्र नववीच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला निराळ्याच पेचात टाकले. एक नामांकित, पारितोषिक मिळालेली कादंबरी तिने आठ दिवसांनी परत आणली आणि विचारले, "सर, मला ही मुळीच आवडली नाही. चूक माझी की परीक्षकांची?" त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. ती मुकाट्याने निघून गेली. परंतु आपण तिला उत्तर दिले नाही, ही रुखरुख आमच्या मनातून गेली नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. एखादी कादंबरी श्रेष्ठ आहे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला. आणि शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना तो अधिकार असू शकतो काय, हा दुसरा. ह्यांचा विचार करताना आमची दृष्टी फ्रान्सकडे वळली. कारण त्या देशात १९८८ सालापासून दरवर्षी सुमारे दोन हजार विद्यार्थी नव्या कादंबऱ्या वाचतात, त्यांवर कडाक्याचा वाद घालतात आणि अखेरीस त्यांपैकी एका कादंबरीला पारितोषिक देतात. ते कसे देतात, त्यातून काय निष्पन्न झाले आणि आपण त्यापासून काय घ्यावे, हे येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम ह्या विद्यार्थ्यांच्या पारितोषिकाचे जे मूळ, त्या मोठ्या पारितोषिकाची हकीकत सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये एदमों आणि झ्यूल गोंकूर हे दोघे लेखक-बंधू होऊन गेले. धाकटा भाऊ झ्यूल १८७० साली वारला आणि थोरला एदमों १८९६ साली. थोरल्याने आपल्या मृत्युपत्रात अशी इच्छा लिहून ठेविली की, आपल्या मालमत्तेतून दहा साहित्यिकांची एक अकादमी स्थापन व्हावी आणि तिने दरवर्षी त्या वर्षातील उत्तम कल्पनाप्रधान गद्यकृतीला पारितोषिक द्यावे. पारितोषिक देताना तारुण्य, स्वतंत्र प्रतिभा आणि नव्या वाटेने जाण्याचे धाडस ह्यांकडे लक्ष पुरवावे, असेही त्याचे म्हणणे होते. त्याप्रमाणे १९०३ साली पहिले गोंकूर पारितोषिक देण्यात आले. १९१४ पासून हे दहा सभासद पॅरिसमधील 'द्रुआँ' नावाच्या उपाहारगृहात जमतात आणि दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात तेथूनच निकाल जाहीर होतो.

ह्या पारितोषिकाची रक्कम ऐकून वाचकांस हसू येईल. प्रारंभी ती पाच हजार फ्रँक, म्हणजे त्या काळी चांगली भरघोस होती. पुढे चलनाचे मोल घसरत गेले, नाणीही बदलली, आणि आज विजयी लेखकाच्या हाती अवघ्या १० युरोंचा धनादेश पडतो! परंतु पारितोषिक जाहीर होताच त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपतात. म्हणजे खरे पारितोषिक परीक्षक देत नाहीत. ते वाचक देतात. परीक्षक केवळ बोट दाखवितात.

मग हे बोट नेहमी योग्य दिशेने दाखविले जाते काय? इतिहास पाहता, तसे म्हणवत नाही. १९१९ सालची गोष्ट घ्या. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. रोलाँ दोर्जलेस नावाच्या तरुण लेखकाने खंदकातील सैनिकांच्या जीवनावर 'लाकडी क्रूस' ही कादंबरी लिहिली होती. तो स्वतः त्या युद्धात लढला होता आणि लोकमत त्याच्या बाजूचे होते. दुसऱ्या बाजूला होता मार्सेल प्रूस्त. त्याचे वय ४८ वर्षांचे, घरची श्रीमंती, प्रकृती नाजूक, आणि कादंबरी स्मृतींच्या सूक्ष्म छटांची. अकादमीने सहा विरुद्ध चार मतांनी प्रूस्तला पारितोषिक दिले. वृत्तपत्रांतून गहजब उडाला. मृत्युपत्रात तरुणाला उत्तेजन द्या असे सांगितले असता प्रौढ आणि सुखवस्तू माणसाला पारितोषिक कसे, असा टीकाकारांचा सवाल होता. दोर्जलेसच्या प्रकाशकाने तर पुस्तकावर मोठ्या अक्षरांत 'गोंकूर पारितोषिक' असे छापले आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत 'दहापैकी चार मते' अशी पुस्ती जोडली! प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आज शंभर वर्षांनंतर प्रूस्तची कादंबरी विसाव्या शतकातील श्रेष्ठ ग्रंथांत गणली जाते. त्या दिवशी टीकाकार चुकले होते आणि सहा परीक्षक बरोबर होते.

परंतु १९३२ साली पारडे फिरले. लुई-फेर्दिनाँ सेलीन ह्याच्या 'रात्रीच्या टोकापर्यंतचा प्रवास' ह्या कादंबरीला पारितोषिक मिळणार असा बोलबाला असताना अकादमीने ते गी माझलीन ह्याच्या 'लांडगे' ह्या कादंबरीला दिले. आज फ्रेंच वाङ्मयाच्या इतिहासात सेलीनच्या कादंबरीवर पानेच्या पाने लिहिली जातात; 'लांडगे' मात्र सामान्य वाचकाच्या विस्मरणात गेली आहे. तात्पर्य, परीक्षक हेही वाचकच असतात. ते अधिक वाचलेले, अधिक मुरलेले असतील. पण त्यांनाही रुची असते, मैत्री असते, घाई असते, आणि त्यांच्या काळाच्या मर्यादा असतात.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोंकूर पारितोषिक एका लेखकाला एकदाच देण्याचा नियम आहे. रोमें गारी ह्या लेखकाला ते १९५६ साली मिळाले होते. पुढे समीक्षक म्हणू लागले की, ह्याच्या लेखणीतला दम संपला. तेव्हा त्याने 'एमिल आझार' ह्या टोपणनावाने लेखन केले आणि आपल्या नात्यातील एका तरुणाला लोकांपुढे आझार म्हणून उभे केले. १९७५ साली अकादमीने ह्या नव्या लेखकाला पारितोषिक दिले! गारी १९८० साली वारला. आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनातून हे रहस्य उघड झाले. जे लोक गारीला संपलेला म्हणत होते, तेच आझारची वाहवा करीत होते. पुस्तकावरील नाव पाहून मत बनविण्याची खोड थोरामोठ्यांनाही असते, हे ह्यावरून दिसून येईल.

असो. आता मुख्य विषयाकडे वळू. फ्रान्समध्ये पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या विद्यालयास 'लीसे' म्हणतात. १९८८ साली पश्चिम फ्रान्समधील रेन ह्या शहरात एक कल्पना पुढे आली: दहा ज्येष्ठ साहित्यिक ज्या कादंबऱ्यांतून निवड करतात, त्याच कादंबऱ्या लीसेच्या विद्यार्थ्यांना द्याव्यात आणि त्यांनाही स्वतंत्रपणे निवड करू द्यावी. 'फ्नाक' ह्या मोठ्या पुस्तकविक्रेत्या संस्थेने आणि शिक्षणखात्याने ह्या कामी पुढाकार घेतला. गोंकूर अकादमीने आपले नाव वापरण्यास अनुमती दिली. अशा रीतीने विद्यार्थ्यांचे गोंकूर पारितोषिक सुरू झाले. पहिल्याच वर्षी एक मौज घडली. ज्येष्ठांनी एरिक ऑर्सेना ह्याच्या कादंबरीला पारितोषिक दिले, आणि विद्यार्थ्यांनीही तीच कादंबरी निवडली. मुले वडीलधाऱ्यांचेच अनुकरण करणार, असे तेव्हा कोणास वाटले असल्यास त्यात नवल नाही. पुढील वर्षांनी तो समज पार पुसून टाकला.

ह्या पारितोषिकाची रीत अशी. सप्टेंबरच्या प्रारंभी गोंकूर अकादमी आपली पहिली यादी जाहीर करते. तीत सुमारे पंधरा कादंबऱ्या असतात. त्या सर्व, देशातील पन्नासच्या वर निवडलेल्या विद्यालयांतील एकेका वर्गाकडे पाठविल्या जातात. हे वर्ग केवळ साहित्य शिकणाऱ्या हुशार मुलांचेच असतात असे नाही. तांत्रिक आणि व्यवसाय-शिक्षणाच्या शाखांतील वर्गही त्यांत असतात. उद्या यंत्र दुरुस्त करणारा किंवा स्वयंपाकघर सांभाळणारा मुलगाही येथे परीक्षक असतो, हे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. वाचनासाठी मुदत सुमारे दोन महिन्यांची. पंधरा कादंबऱ्या आणि साठ दिवस. म्हणजे एका कादंबरीला सरासरी चार दिवस पडतात, आणि शाळेचा नेहमीचा अभ्यास आहेच! साहजिकच वर्गात पुस्तके हातोहात फिरतात. आज ह्याने वाचलेले पुस्तक उद्या तिच्याकडे जाते.

ऑक्टोबर महिन्यात यादीतील लेखक निरनिराळ्या शहरांत येऊन विद्यार्थ्यांना भेटतात. एका सभागृहात शेकडो विद्यार्थी आणि त्यांच्यासमोर, त्यांनी नुकतेच वाचलेल्या पुस्तकाचा कर्ता! शाळेत बहुधा दिवंगत लेखकांचेच धडे असतात आणि त्यांना काही विचारण्याची सोय नसते. येथे मात्र, "आपल्या नायकाने असे का केले?" हा प्रश्न थेट विचारता येतो; आणि लेखकाचे उत्तर पटले नाही तर तसे म्हणताही येते.

नंतर चर्चेचे पर्व सुरू होते. प्रत्येक वर्ग आपसांत वाद करून तीन कादंबऱ्या ठरवितो आणि एक प्रतिनिधी निवडतो. हे प्रतिनिधी आपापल्या विभागाच्या बैठकीस जातात. तेथे पुन्हा वाद, पुन्हा निवड. शेवटी निरनिराळ्या विभागांचे मोजके प्रतिनिधी नोव्हेंबरमध्ये रेन येथे एकत्र बसतात आणि बंद दाराआड अंतिम निर्णय करतात.

ह्या पद्धतीत एक नाजूक प्रश्न आहे, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. समजा, एका वर्गाने एक कादंबरी पहिल्या क्रमांकावर ठेविली आणि प्रतिनिधीला विभागाच्या बैठकीस पाठविले. तेथे दुसऱ्या शाळेच्या प्रतिनिधीने असा काही मुद्दा मांडला की, आपल्या वर्गाच्या दृष्टीतून काहीतरी निसटले होते, हे त्याला कळून चुकले. आता त्याने काय करावे? आपल्या वर्गाचा निरोप जसाच्या तसा पोचवावा, की पटलेल्या गोष्टीस मान द्यावा? निरोपच पोचवावयाचा असेल तर बैठकीची गरजच काय? मते मोजून टपालाने पाठविली असती तरी चालले असते! आणि वर्गाचा विश्वास सहज मोडावयाचा असेल तर वर्गाने दोन महिने डोके कशाला शिणवावे? ह्या प्रश्नाचे तयार उत्तर नाही. परंतु पंधरा-सोळाव्या वर्षी अशा पेचात सापडणे हे स्वतःच एक मोठे शिक्षण आहे. आपल्या माणसांशी इमान राखून दुसऱ्याचे ऐकावयाचे आणि मन बदललेच तर परत येऊन का बदलले ते सांगावयाचे, ह्यापेक्षा लोकशाहीचा अधिक चांगला धडा कोणत्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडेल?

आता ह्या मुलांनी निवडले तरी काय, ते पाहू. २००० साली त्यांनी आयव्हरी कोस्टचे वृद्ध लेखक अहमदू कुरुमा ह्यांच्या कादंबरीला पारितोषिक दिले. तिचा निवेदक एक लहान मुलगा आहे. लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील यादवी युद्धांत त्याच्या हाती बंदूक येते. आणि तो शब्दकोश जवळ बाळगून, अवघड शब्दांचे अर्थ सांगत सांगत आपली भीषण कहाणी सांगतो. २००२ साली विद्यार्थ्यांनी लोराँ गोदे ह्या तरुण लेखकाची निवड केली. ज्येष्ठांच्या अकादमीने त्याला पारितोषिक दिले ते दोन वर्षांनी, २००४ साली, दुसऱ्या कादंबरीबद्दल. २०१६ साली गाएल फाय ह्या गायक-लेखकाची पहिलीच कादंबरी त्यांनी उचलून धरली. बुरुंडी देशातील एका मुलाचे सुखाचे बालपण शेजारच्या रुआंडातील हत्याकांडाच्या छायेत कसे करपते, हा तिचा विषय. २०२० साली कॅमेरूनच्या जाईली अमादू अमाल ह्या लेखिकेला त्यांनी मान दिला. तिच्या कादंबरीत सक्तीच्या विवाहात सापडलेल्या स्त्रियांची व्यथा आहे.

परंतु ह्या सर्वांत बोधप्रद वर्ष आहे २०१८ चे. म्हणून त्यावर थोडे अधिक थांबू. त्या वर्षी ज्येष्ठांनी निकोला मात्यू ह्याच्या कादंबरीला गोंकूर पारितोषिक दिले. पूर्व फ्रान्समधील एका खोऱ्यात लोखंडाच्या भट्ट्या बंद पडल्या आहेत, बापांचे रोजगार गेले आहेत, आणि त्यांची किशोरवयीन मुले १९९२ ते १९९८ ह्या काळातील चार उन्हाळ्यांत मोठी होतात, असे तिचे कथानक. तळ्याकाठची पोहण्याची ठिकाणे, मोटरसायकली, पहिले प्रेम, गाव सोडून जाण्याची तळमळ, हे सारे तीत आहे. कोणालाही वाटेल की, विद्यार्थी हीच निवडणार. ती तर त्यांच्याच वयाच्या मुलांची गोष्ट!

विद्यार्थ्यांनी ती निवडली नाही. त्यांनी निवडली दाविद दियोप ह्याची कादंबरी. ह्या लेखकाचा जन्म पॅरिसचा, बालपण सेनेगलमध्ये गेलेले आणि व्यवसाय प्राध्यापकाचा. त्याच्या कादंबरीचा विषय पहिले महायुद्ध. फ्रान्सच्या बाजूने लढण्यासाठी आणलेल्या सेनेगली शिपायांपैकी एक अल्फा आणि त्याचा भावासारखा मित्र मादेम्बा. मादेम्बा दोन्ही फौजांच्या मधल्या निर्मनुष्य भूमीत पोट फाटून पडतो आणि मित्राला तीन वेळा विनवितो की, माझे हाल संपव. अल्फाच्या हातून ते होत नाही. मित्र तडफडून मरतो. आणि आपण धर्म पाळला की क्रौर्य केले, ह्या विचाराने अल्फाचे मन हळूहळू भ्रमिष्ट होत जाते. तो सूडाला प्रवृत्त होतो आणि शत्रूचे हात तोडून आणू लागतो. सोबती प्रथम त्याला वीर म्हणतात, पण पुढे त्याचीच भीती बाळगू लागतात. कादंबरीचे फ्रेंच नावही अर्थपूर्ण आहे. फ्रेंचमध्ये 'शस्त्रबंधू' आणि 'आत्मबंधू' हे दोन शब्दप्रयोग कानाला जवळजवळ सारखेच लागतात. लेखकाने दुसरा घेऊन पहिल्याची आठवण जागी ठेविली आहे.

म्हणजे तरुणांविषयीची कादंबरी वडीलधाऱ्यांनी निवडली, आणि तरुणांनी निवडली ती शंभर वर्षांपूर्वीच्या, परक्या भूमीवरून आलेल्या शिपायाची व्यथा! मुलांना केवळ आपलेच प्रतिबिंब पाहावयास आवडते, हा समज किती वरवरचा आहे, हे ह्यावरून कळते. आणि ही निवड पुढे जगानेही मान्य केली. अ‍ॅना मोस्कोवाकिस ह्या अनुवादिकेने केलेल्या तिच्या इंग्रजी भाषांतराला २०२१ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, आणि रिवाजाप्रमाणे त्याची रक्कम लेखक व अनुवादिका ह्यांच्यात समसमान वाटली गेली. ह्यावरून मात्यूची कादंबरी उणी होती असे मात्र कोणी समजू नये. एकाच यादीतून दोन निराळ्या पिढ्यांना दोन निराळी रत्ने सापडली, एवढाच ह्याचा अर्थ.

ह्या उपक्रमावर आक्षेप नाहीत असे नाही. आणि त्यांतील काही विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, मुळातली यादी वडीलधाऱ्यांचीच असते; मुले आखून दिलेल्या रिंगणातच फिरतात. हे खरे आहे. दुसरा असा की, ह्या उपक्रमामागे पुस्तके विकणारी संस्था आहे आणि पारितोषिकामुळे विक्री वाढते. हेही खरे, परंतु पुस्तकविक्रेत्याचा लाभ आणि वाचकाचा लाभ नेहमी परस्परविरुद्धच असतात असे नाही. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो असा की, विद्यार्थी विषयाच्या गांभीर्याने भारून जातात. युद्ध, अत्याचार, अन्याय असे विषय पाहिले की त्यांचे मन द्रवते, आणि विषय थोर म्हणून पुस्तकही थोर, असा त्यांचा समज होतो. वर दिलेल्या विजयी कादंबऱ्यांचे विषय पाहिले तर ह्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

आणि येथेच वाद घालण्याचे खरे शिक्षण सुरू होते. 'हे पुस्तक मला आवडले' आणि 'हे पुस्तक चांगले आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले वाक्य आपल्या मनाविषयी आहे. त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. दुसरे पुस्तकाविषयी आहे. त्याला पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुस्तकातूनच द्यावा लागतो. दियोपचीच कादंबरी घेऊ. 'युद्ध वाईट असते हे तीत दाखविले आहे, म्हणून ती चांगली' असे कोणी म्हटले, तर ते पुरेसे नाही. तसे दाखविणारी पुस्तके शेकड्यांनी आहेत. पण 'निवेदक तेच तेच शब्द शपथेसारखे पुन्हा पुन्हा उच्चारतो. त्यामुळे मौखिक कथेची लय भाषेला येते, आणि पुढे पुढे ती लयच त्याच्या वेडाची खूण बनते' असे कोणी म्हटले, तर तो पुरावा झाला. ऐकणारा पुस्तक उघडून ताडून पाहू शकतो. उलट, 'पुनरुक्तीने मला कंटाळा आला, पहिल्या काही पानांनंतर तिच्यातला जोर गेला' असे दुसरा म्हणू शकतो, तोही पुरावाच. अशा दोघांचा वाद रंगला म्हणजे तिसऱ्याला ते पुस्तक वाचावेसे वाटते, आणि ज्याने वाचले आहे त्याला पुन्हा वाचावेसे वाटते.

आमच्या मते पारितोषिकाचे खरे कार्य एवढेच आहे. ते निवाडा नव्हे. ते बोलावणे आहे. पंधरा पुस्तके एका रांगेत मांडावयाची, शेकडो माणसांना एकाच वेळी तीच पुस्तके वाचावयास लावावयाची आणि मग त्यांना एकमेकांसमोर बसवावयाचे. निकालाच्या दिवशी चौदा लेखक निराश होतात आणि एक हर्षित होतो. परंतु वाचकांच्या पदरी जे पडावयाचे ते निकालाच्या आधीच पडलेले असते. म्हणूनच ही प्रथा फ्रान्सच्या सीमा ओलांडून गेली. १९९८ साली पोलंडमधील विद्यार्थ्यांनी गोंकूर यादीतून आपली स्वतंत्र निवड करण्यास प्रारंभ केला. पुढे अनेक देशांत फ्रेंच शिकणारे विद्यार्थी तसे करू लागले, आणि त्यांत आता आपल्या भारतातील विद्यार्थीही आहेत.

आपण बडोदेकरांना तर ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ह्या नगरीत ग्रंथालयांची घडी बसविली आणि पेट्यांत भरलेली फिरती पुस्तके खेडोपाडी पाठविली. ग्रंथ लोकांच्या दारी नेण्याचे कार्य त्या पिढीने केले. ग्रंथाविषयी आपले मत बनविण्याचे आणि ते चारचौघांत मांडण्याचे कार्य आपल्यावर सोपविलेले आहे. मराठीपासून दूर, गुजराती आणि हिंदीच्या सहवासात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठीत वाद घालण्याची संधी आधीच थोडी मिळते. बाजारात, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर दुसरी भाषा; मराठी उरते ती घरात आणि ह्या शाळेत. 'जेवायला ये' एवढ्यापुरती एखादी भाषा उरली की ती क्षीण होऊ लागते. जिच्यात आपण भांडतो, पटवून देतो, आणि प्रसंगी हार मान्य करतो, तीच भाषा जिवंत राहते.

म्हणून येत्या वर्षी आमचा असा मानस आहे. पंधरा नव्हे, पाचच मराठी कादंबऱ्या निवडावयाच्या. नव्या तीन, जुन्या दोन. आठवी ते दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांना इच्छा असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी नावे द्यावीत. पाचही पुस्तके संपूर्ण वाचल्यावाचून मत देता येणार नाही, हा पहिला नियम. पुस्तकातील स्थळ दाखविल्यावाचून स्तुती किंवा निंदा करता येणार नाही, हा दुसरा. आणि शिक्षकांना बैठकीत बसता येईल, पण मत देता येणार नाही, हा तिसरा! निकाल काय लागेल, ह्याची आम्हांला फारशी चिंता नाही.

राहता राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. तिला आम्ही आज असे सांगू इच्छितो: मुली, चूक तुझी नव्हे, आणि बहुधा परीक्षकांचीही नव्हे. परंतु 'मुळीच आवडली नाही' हे मत नव्हे. ती मताची सुरुवात आहे. कोणत्या पानावर तुझे मन उडाले? तेथे लेखकाने काय केले, जे त्याने करावयास नको होते? की त्याने जे केले ते पाहण्यास तू अजून तयार नव्हतीस? ही पुस्तके काही वर्षांनी पुन्हा उघडून पाहा. कधी कधी पुस्तक तेच असते आणि वाचक बदललेला असतो. ज्याला ती कादंबरी आवडली असेल असा कोणी शोधून काढ, आणि त्याच्याशी मनमोकळा वाद कर. त्याचे म्हणणे ऐकूनही तुझे मत कायम राहिले, तर ते खुशाल बाळग. दहा परीक्षकांनी मिळून दिलेल्या पारितोषिकालाही ते हिरावून घेता येणार नाही.

पुस्तक देवघेवीच्या नोंदवहीत आजवर विद्यार्थ्याचे नाव, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख असे चार रकाने होते. ह्या वर्षी आम्ही पाचवा रकाना आखला आहे. त्याचे शीर्षक आहे, 'आपले मत व त्याचे कारण'. तो रिकामा आहे. त्यात पहिली ओळ तिने लिहावी, अशी आमची इच्छा आहे.